बिनकाट्याच्या माश्या

१५ मार्च
आले: सोमूकडून स्कॉटलंडहून पार्सल. मासे धरायची काठी, चाकी, पिवळी दोरी, दोऱ्या-पिसांच्या नकली माश्यांची डबी. कस्टम ड्यूटी रु. ३,१४०. पोस्टमनला पाणी, फुकट.

सोबत पोराची चिठ्ठी. बाबांची साखर वाढलीय, डॉक्टर चाला म्हणतात, निदान नदीवर मासे धरायला म्हणून सोफ्यावरून उठतील. धरायचे आणि सोडायचे, खायचे नाहीत. आपण लिंगायत, हे तिकडे राहून ध्यानात आहे. बरं वाटलं. ह्यांनी काठी बघितली, जळमटं काढायला बरी म्हणाले, टीव्ही लावला.

संकल्प: ह्यांना चालवायचं. ड्यूटी वसूल करायची.

१७ मार्च, सोमवार
उपास. मी घाटावर गेले की हेही येतील. म्हणाले, तू हो पुढं, आलोच की. आले नाहीत. उद्या येतील.

डबीतल्या नकली माश्यांच्या पोटाला गळाचे काटे निघाले. मुक्या जिवाच्या तोंडात काटा घालून महादेवाला काय तोंड दाखवू? सगळे काटे पकडीने तोडले.

२२ मार्च, तिन्हीसांजा
सोमू लिहितो, पाण्यातून ज्या वेळी जे किडे निघतील, हुबेहूब तसली माशी टाकायची. आज वारा पडला, उकाडा झाला आणि पाण्यावरून राखाडी किड्यांचा ढगच उठला. चहाच्या गाळणीत चार धरले. पंख उभे, शेपटीला तीन केस. ह्यांच्या जुन्या स्वेटरची लोकर काढून तशीच माशी केली. खर्च शून्य. गाळणी धुतली. चहा पिताना ह्यांना काही बोलले नाही.

२७ मार्च
मासा वर आला, माशी तोंडात घेतली, विचार केला, थुंकली. जीवदान एक.

घाटावर कपडे धुणारी चिमणाबाई म्हणाली, "वयनी, काटा न्हाय तर मासा अडकंल कशाला? तुमच्या भिडंखातर?" अडाणी बाई. पुण्य सोडण्यात असतं. मी फक्त धरायची पायरी गाळली.

घरी आले तर ह्यांच्या पायाला धूळ. म्हणजे घाटाकडे निघाले असणार, उशीर झाला म्हणून वाटेतून परतले. गुण येतोय.

२ एप्रिल
वारा फार. किडे नाहीत. काठी मागे झटकली, दोरीने एका पावण्यांची टोपी उडाली आणि नदीत गेली. टोपीचे रु. ६०. काटा असता तर टोपी तरी अडकली असती, म्हणे चिमणाबाई.

ह्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. साखर उतरली की भूक कमी होतेच.

९ एप्रिल
शाहूपुरीत डॉक्टरांकडे. साखर आणखी वाढली. डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी ह्यांच्याकडे कोण बघतं? मी म्हणाले, मी नदीवर असते. मग ह्यांना विचारलं, चालता का?

"चालतो की. ही नदीवर गेली की जिलेबीवाल्यापर्यंत. आणि ही यायच्या आत घरात, म्हंजे येताना भराभर."

डॉक्टर हसले. मी नाही. रिक्षा केली नाही. ह्यांना चालतच घरी आणलं.

फोनवर बोलले तर हे कान देऊन बसतात, म्हणून सोमूला पत्रच टाकते. मजकूर असा:

चि. सोमशेखर, तुझ्या काठीने बाबा चालायला लागले, फक्त दिशा चुकली. उद्यापासून ह्यांना बरोबर घेऊनच जाणार. तुझे बाबा गोडाच्या मागे येतात एवढं कळलं. मासेही येतात का, ते उलट टपाली कळव.