साठ पावलं मागे

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिले बाण! माझ्या गराजच्या दारातून, वीस पावलांवरून, फक्त बारा. अंगणात अजून गुडघाभर बर्फ, सरावाचं फोमचं हरण पोटापर्यंत बुडालेलं. नऊ लागले, दोन बर्फात, एक कुंपणात. हिवाळाभर बसून खांदा पार गंजलाय.

बाबा कॉफीचा मग घेऊन मागे उभे होते. "कोपर खाली जातंय." एवढंच. मग स्वतःचं धनुष्य पुढे केलं, म्हणाले दोन आटे सैल कर. गेल्या वर्षी त्याची ओढ साठ पौंडांवर होती, आता सत्तावन्न. बहात्तरीचा माणूस सत्तावन्न पौंड ओढतो हे काय कमी आहे?

२ मार्च

मी चालवते ती शाळेची बस रिकामी झाली की परतीच्या बारा मैलांत माझी शिकवणी चालते. आवाज काढायची रबरी चकती टाळूला लावायची, दारं बंद, आणि एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मादीसारखं लाडीक बोलावत बसायचं. परवा समोरून पेट्रोलचा टँकर गेला. त्या माणसाला वाटलं असेल, बाईला फेफरं आलं.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना ऐकवलं. चकती घसरली आणि घशातून भलताच आवाज निघाला, भुंकल्यासारखा. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"तो आवाज परत काढू नकोस. डोंगरावर तर नाहीच."

"का?"

"धोका दिसला की म्हातारी मादी तशी भुंकते. एकदा भुंकली की अख्खं खोरं रिकामं. नर मग आठवडाभर फिरकत नाही."

मग नेहमीचा आवाज काढून दाखवला. "बरं आहे," म्हणाले. गेली अकरा वर्षं मला 'बरं आहे'च मिळतंय! अकरा वर्षांपूर्वी त्यांना वरची कवळी बसली, चकती टाळूला धरेना, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आवाज काढणाऱ्याने साठ पावलं मागे झाडीत बसायचं, नराला बोलवायचं. नर आवाजाकडे येतो आणि वाटेत धनुष्यवाल्यासमोर उभा राहतो. आपल्याला दिसत काहीच नाही. फांद्या मोडल्याचं ऐकू येतं, दोरीचा टणत्कार ऐकू येतो, मग बाबांची शीळ. सात नर पडले माझ्या आवाजावर. पडताना मी एकही पाहिलेला नाही. माझा स्वतःचा शिकारीचा परवाना दरवर्षी खिशातून तसाच घरी येतो.

पण यंदा नाही!!

६ एप्रिल

पाठीवर चाळीस पौंड वाळू, पाण्याच्या टाकीची टेकडी, तीन फेऱ्या. गुडघे बोंबलतायत. बाबांनी वीस पौंड घेतले, दोन फेऱ्या केल्या आणि वर बसून मला नावं ठेवली.

१४ मे

उद्या सोडतीच्या अर्जाची शेवटची तारीख. वरच्या राखीव रानाचे परवाने सोडतीने मिळतात. दरवर्षी नंबर लागला नाही की एक गुण साठतो. बाबांचे एकोणीस झालेत, माझे नऊ. दोघांनी गटाने अर्ज केला की सरासरी धरतात, म्हणजे चौदा. गेल्या वर्षी चौदावाल्यांना मिळाला होता. मिळाला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही.

ठरलंय ते हेच. ख्रिसमसला बाबा स्वतःहून म्हणाले होते, "त्या रानात पहिला बाण तुझा. मागे मी बसतो." कवळीवाल्यांना वाजवता येते तशी लाकडी पिपाणीसुद्धा मागवली त्यांनी.

अर्ज नेहमीसारखा तेच भरणार. माझा क्रमांक दिला. ते टेबलावर चष्मा लावून बसले होते, एका बोटाने टाइप करत. आई गेल्यापासून इतक्या मन लावून काही करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

१२ जून

नाही लागला.

बाबांनी फोनवर सांगितलं. आवाज इतका पडलेला, की मीच त्यांची समजूत काढली. म्हटलं, पुढच्या वर्षी पंधरा होतील, जातो कुठे! संध्याकाळी रूबार्बचा गोड 'पाय' भाजून नेऊन दिला. दोन तुकडे खाल्ले. माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, वाईट वाटतंय.

२९ जून

बाबा अजून रोज सकाळी साठ बाण मारतात. घराजवळच्या रानातल्या छोट्या नरांसाठी कुणी इतकी मेहनत घेतं? पण थकत नाहीत. बाणांची पातीसुद्धा नवी आणली. धनुष्य त्रेपन्नवर.

१९ जुलै, शनिवार

दोनदा वही मिटली. लिहितेच.

दोरीला मेण हवं होतं म्हणून लीलंडच्या दुकानात गेले. धनुष्यांचं दुकान तीस वर्षं त्याचंच, गावातलं काही त्याच्यापासून लपत नाही. गल्ल्यामागून हसत म्हणाला, "तुझ्या बाबाला, एल्डनला, लागला शेवटी नंबर! एकोणीस वर्षं थांबला माणूस. तू जाणार ना आवाज काढायला?"

मी हो म्हटलं. मेणाचे पैसे दिले. गाडीत येऊन बसले आणि फोनवर माझं खातं उघडलं. अर्ज होता. माझ्या एकटीचा. 'फक्त गुणासाठी' असा, म्हणजे सोडतीत नावच नाही. नवाचे दहा झालेत.

गट नव्हताच. कधी नव्हताच.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं. आणि मी त्या माणसाला 'पाय' भाजून घातला!

२० जुलै

गेले. बाबा ओट्यावर बाणांची पिसं चिकटवत होते. विचारलं. खोटं बोलले नाहीत, एवढं म्हणेन.

"चौदाचा भरवसा नव्हता, रो."

"मग मला विचारायचं."

"तू म्हणाली असतीस, थांबू. मी किती थांबू?" धनुष्य उचलून दाखवलं. "एकावन्नवर आलंय. पन्नासच्या खाली एल्कवर बाण चालवायला कायदा नाही म्हणतो. पुढच्या वर्षी मी पन्नास ओढणार आहे का?"

मग ते वाक्य बोलले, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही — "तुझं काय गेलं? तुझे गुण शाबूत आहेत. उलट एक वाढला."

एक वाढला! जशी मी गुणांसाठी अकरा वर्षं झाडीत बसत होते.

निघताना कात्रीसाठी खण उघडला, त्यांच्या पिसांच्या पाकिटाची चिकटपट्टी कापून द्यायची होती. आत ती लाकडी पिपाणी. वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही. डिसेंबरपासून.

यापुढे या वहीत तो एल्डन.

२१ जुलै

रडले. बसमध्ये. सुट्टी आहे, बस धुवायला गेले होते.

३ ऑगस्ट

त्याच्याकडे गेले नाही. माझं धनुष्य खुंटीला. फोमचं हरण पालथं पडलंय, पडू दे.

सगळ्यात जास्त राग याचा येतो, की त्याचं म्हणणं मला कळतं. पन्नास पौंड म्हणजे पन्नास पौंड. विचारलं असतं तर मी खरंच म्हणाले असते, "जा बाबा, एकटे जा, मी आवाज काढते." शपथ. त्याने मागितलं असतं तर दिलंच असतं. त्याने मागितलं नाही, उचललं. आणि महिनाभर माझ्यासमोर पडलेलं तोंड करून बसला.

१० ऑगस्ट

एल्डन दारात. टोपी हातात. टोमॅटोची पिशवी आणली होती, जशी शेजाऱ्याला देतात.

आवाज काढायला येशील का, विचारलं. पिपाणीचं वेष्टन आज फोडलं म्हणे, पण जमत नाही, बदकासारखी वाजते. माफी मागेल असं वाटलं होतं. म्हणाला, "तुझ्यासारखं कुणाला येत नाही." अकरा वर्षांत पहिल्यांदा! आणि तेही गरजेपोटी.

टोमॅटो घेतले. दार लावलं.

१४ ऑगस्ट

हो कळवलं. का, ते मलाही माहीत नाही.

२४ ऑगस्ट

त्याचं धनुष्य मीच नीट केलं. दुसऱ्या कुणाच्या हातात तो देत नाही, अशी सवय आहे. लीलंडच्या काट्यावर बरोबर पन्नास. ओढून धरलं की दहा मोजेपर्यंत ठीक, मग बाणाचं टोक हलायला लागतं. मी मोजत होते. दोघं कामापुरतं बोललो. त्याने मध्येच विचारलं, "झोप लागते का?" मी म्हटलं, कोपर खाली जातंय.

६ सप्टेंबर

राखीव रान. तंबू टाकला. संध्याकाळी समोरच्या उतारावरून नराची शीळ आली, इतकी खोल की छातीत वाजली. एल्डनने माझ्याकडे पाहिलं. तोंड पोरासारखं झालं होतं. मी दुसरीकडे बघत कॉफी ओतली.

९ सप्टेंबर

उजाडताच. यंदा साठ पावलांवर बसले नाही. रांगत पुढे सरकले, पंधरावर. त्याला कळलं नाही. दोनदा बोलावलं. नर आला — मी पाहिला! शिंगांवर चिखल, पोट ओलं, तोंडातून वाफ. बावीस पावलांवर आडवा उभा. बाबांनी दोरी ओढली. मी मनात मोजलं. चार, पाच, सहा. टोक हललं नाही, अजिबात नाही.

सातला मी भुंकले.

अख्खं खोरं रिकामं झालं. बराच वेळ खालपर्यंत फांद्या मोडत होत्या. बाबांनी धनुष्य सावकाश खाली घेतलं, बाण काढून भात्यात ठेवला. मागे वळले नाहीत.

"हुबेहूब," म्हणाले.