शेव सापडून नाही राह्यली

आर्णी, बुधवार

ती. सदाशिवभाऊ यांले रामरावचा रामराम.

इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय? वहिनीनं आणलेल्या तेलानं मालिश करून राह्यले, का नुसती बाटली पाहून बरं वाटते? सोयाबीन ठीक आहे. तुमची बहीण कोकिळा ठणठणीत आहे (तिचा आवाज तिथं तुमच्या नागपूरपर्यंत येत असन). आता फोन सोडून पत्र काहून, असं तुम्हाले वाटन. तर आमची शाल्मली तुमच्याच घरी राहून शिकून राह्यली, अन् तुमचा फोन तुमच्यापेक्षा तिच्याच हाती जास्त. हे तिच्या कानावर जाता कामा नये.

पोट्टीनं जाताना तिच्या दोन बेडक्या आमच्या गळ्यात मारल्या, बुंदी अन् शेव. अंगठ्याएवढ्या, जन्मभर काचेच्या पेटीत पाण्यातच राह्यतात, फक्त श्वास घ्यायले वर येतात. बाप म्हणून सांगतो भाऊ, ती रोज संध्याकाळी फोन करते तो ह्याईच्यासाठी. आधी बुंदीची तब्येत, मंग शेवची, मंग मायची. माहा नंबर येईलोक तिचा क्लास सुरू होते. पण बेडक्यांच्या नावानं का होईना, आवाज कानी पडते. बेडक्या गेल्या तर तोही गेला, ह्याचीच मले धास्ती.

गेल्या महिन्यात तिनं फर्मान काढलं: तळाचे बारीक रंगीत खडे काढा, बेडक्या ते गिळतात अन् पोटात अडकतात. बारीक रेती घाला, अन् खरी झाडं लावा, त्याईले लपायले जागा पाहिजे. आता माती अन् झाडं म्हटल्यावर मले कोणी शिकवाव? रेती कायले, म्हटलं! गाडी काढून वावरात गेलतो अन् नाल्याकाठच्या तुकड्यातली काळीभोर माती घमेलंभर आणली. त्या मातीत कापसाची पऱ्हाटी माह्या डोक्यावर जाते, तर पाण्यातलं झाड काय चीज आहे! माती पसरवली, पाणी सोडलं, बेडक्या सोडल्या. भाऊ, काळी माती पाण्यात काय करते, हे मले, जन्म तिच्यात गेलेल्या माणसाले, ऐन वेळी आठवू नये? नुसता चिखल! बेडकी कोणती अन् माती कोणती, समजे ना. कोकिळानं दोघींले चहाच्या गाळणीनं उपसून बादलीत ठेवलं (त्या गाळणीतला चहा म्या अजून पेलो नाही). तेवढ्यात पोरीचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा बिघडला म्हणून सांगतलं.

मंग नदीची रेती आणली. कोकिळानं ती तांदळासारखी धुतली, वाळवली, अन् पिठाच्या चाळणीनं चाळली. तवापासून भाकर दातात करकर वाजते, पण बोलाव कोणी? यवतमाळच्या दुकानदारानं झाडं देली अन् बजावलं, हे गाडू नका, दगडाले दोऱ्यानं बांधा, नाही तर सडते. झाड दगडाले बांधा म्हणे! उद्या म्हणन, बैल झाडावर चढवा. म्या पऱ्हाटी लावतो तसं चांगलं फुलीवर, अंतर सोडून, गळ्यापर्यंत गाडलं. चिमूटभर युरियाही टाकत होतो, कोकिळानं हात धरला म्हणून बेडक्या वाचल्या. झाडं सडली ते सडलीच. मंग शेजारचा नेमसिंग म्हणे, तलावातलं शेवाळ आणा, ते मारून मरत नाही. आणलं. ते असं माजलं की डोळे फाडून पाहाव तरी हिरव्याशिवाय काही दिसत नाही (तणनाशक मारता येत नाही, हात मात्र शिवशिवतात). अन् सोमवारपासून शेव सापडून नाही राह्यली.

मिक्सरखाली पाह्यलं, पलंगाखाली पाह्यलं. नेमसिंगनं हौदातला गावठी बेडूक आणला, हा चालन काय म्हणे. चांगला वाटीएवढा! बुंदीकडे असा पाहे की म्या त्याले आल्या पावली परत धाडला. अन् कोकिळाच्या पोटात तर काही राहत नाही, तिनं पोरीले सांगून टाकलं. पोरगी ढसढसा रडली. 

म्हणून हात जोडतो. तिथल्या बाजारात अशीच भुरकी, पाठीवर ठिपके असलेली बेडकी पाहा अन् एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवा. शेव सापडली म्हणून सांगीन. वहिनीले नमस्कार.

तुमच्या घरचा जवाई,
रामराव

ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता शेव सापडली! शेवाळाखाली रेतीत पोट टेकवून आरामात बसली होती. लठ्ठ झाली. बेडकी पाठवू नका.

आणखी : शाल्मलीले मात्र सांगू नका. ती आता घडीघडी फोन करते, अन् काल पहिल्यांदा, शेवच्याही आधी, मले विचारलं, "बाबा, तुम्ही जेवले काय?" रविवारी शेव शोधायले स्वतः येऊन राह्यली. पोळ्याले नाही आली, महालक्ष्मीले नाही आली, शेवसाठी येऊन राह्यली! कोकिळानं पुरणाची डाळ काढून ठेवली. तवा पोरीचं जेवण होईलोक शेव हरवलेलीच आहे.

शेवटचं : पुढच्या महिन्यात बुंदी हरवणार आहे. तुम्हाले आधीच सांगून ठेवलं.