शेपटीवरचा नंबर

लातूर,
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मालविका,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला भरभरून आशीर्वाद. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. पावसानं एकदाची उघडीप दिली. गुळपापडी पाठवते आहे. तुपात हात आखडता घेतलेला नाही, तेव्हा एकटीनं खा, भावाला दाखवूही नकोस.

डबा आणि हे पत्र घेऊन हे स्वतःच सकाळच्या नांदेड गाडीनं निघतात. तू म्हणशील, सासऱ्यांना ही दगदग कशाला, आणि आई फोन सोडून पत्र का लिहीत बसल्या? फोनवर माझा आवाज तुला लगेच ओळखू येतो, म्हणून.

आधी हे सांगते. काचेच्या कपाटातलं यज्ञेशचं हेलिकॉप्टर माझ्या हातून खराब झालं.

त्याची हकिगत त्यानं तुला तिखटमीठ लावून सांगितली असेल. खरी अशी आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर हे मदतीला गेले होते. खो-खोचं मैदान आखतात त्या फक्कीनं यांनी एका रानात मोठं वर्तुळ आखलं, आणि लष्कराचं चेतक हेलिकॉप्टर त्यात उतरायला लागलं. वैमानिकानं विचारलं, इतकं गोल कसं काढलं? हे म्हणाले, गणिताचा मास्तर आहे. पुढच्या वर्षी त्या वैमानिकाचं पार्सल आलं. त्याच चेतकची धातूची प्रतिकृती, तळहाताहून थोडी मोठी, शेपटीवर त्याच मशीनचा नंबर चिकटवलेला. त्यांच्या पलटणीनं अशी मोजकीच करून घेतली होती म्हणे.

यज्ञेश त्याचा पंखा फिरवत जेवायला शिकला. पंखा थांबला की तोंड बंद. पुढं तो स्वतः वैमानिक झाला, तेव्हा तिथं त्याला कुणी सांगितलं की मूळ नंबरासकट असं मॉडेल आता संग्रह करणाऱ्यांकडंही सापडत नाही. तेव्हापासून मला ताकीद होती, ‘आई, त्याला फडकंसुद्धा लावू नकोस.’

खंडेनवमीला आपल्याकडं यांची कंपासपेटी, माझं शिलाई मशीन आणि स्कूटर यांच्या शेजारी तेही पूजेला असतं. दरवर्षी नुसतं एक फूल वाहते. यंदा तो वर बर्फात, तू अशी अवघडलेली, माझं फुलावर भागेना. ताम्हणात घेतलं आणि दुधानं, मग कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. पुसायला उचललं तर शेपटी कोरी. नंबर सायीसारखा सुटून ताम्हणात तरंगत होता.

साखराबाई भांडी घासत होती. म्हणाली, “देवाच्या पाण्यानं काय वाईट होतंय का बाई? लई मनाला लावून घेऊन राहिलाव तुम्ही.” हे भिंग आणि सुई घेऊन तो नंबर उलगडायला बसले, तर त्याचे तुकडे झाले. मी हसून सोडून दिलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं गं मी. ताम्हणातल्या दुधाचा आणि तिकडच्या बर्फाचा काही संबंध नसतो, हे मला कळतं. तरी भीती वाटली.

आता पुढचं बसून वाच. आईला जवळ बोलावून घे.

तुमच्याकडचा टीव्ही बिघडलेला नाही. तुझा मोबाइल दुरुस्तीला गेलेला नाही, तो तुझ्या वडिलांच्या कपाटात आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, अमृतरावांना आम्हीच तसं सांगितलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली होती. यांचा फोन वाजला म्हणून हे गॅलरीत गेले. परत आले, सगळ्यांकडून आपट्याची पानं घेतली, शेवटच्या पाहुण्याला चहा पाजला. दार लावलं आणि तिथंच चपलांशेजारी खाली बसले. यज्ञेशच्या युनिटमधून फोन होता. सकाळी वर गेलेलं त्याचं मशीन परतलं नव्हतं. तुला दिवस गेलेले, म्हणून काही झालं तर आधी बाबांना कळवा, असं त्यानंच तिथं सांगून ठेवलं होतं. ते त्याला आधीच सांगावंसं वाटलं, याची मला फार भीती वाटली.

तुला कळू द्यायचं नाही असं दोन्ही घरांनी ठरवलं. मीही मान हलवली. पण मला ते पचेना. त्याच्यासाठी भिण्याचा हक्क तुझाही आहे, आणि आम्ही तो कपाटात कोंडून ठेवलाय. या पाकिटात काय आहे ते यांना मी सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

काल पुन्हा फोन आला. मशीन सापडलं. आत दोघं होते, यज्ञेश आणि अमरनाथ. गेल्या दिवाळीत आपल्याकडं मागून मागून धपाटे खाल्लेला, तो अमरनाथ. दोघांपैकी एक जिवंत आहे. तिकडं हवा वाईट आहे, वरून धड बोलणं होत नाही, खाली आणल्यावरच नाव सांगू म्हणाले.

तेव्हापासून मी देवापुढं बसते आणि उठते. यज्ञेश असू दे म्हणायला तोंड उघडलं की त्या पोराची आई डोळ्यांपुढं येते. तिनंही यज्ञेशला जेवू घातलंय. तीसुद्धा आत्ता तिच्या देवापुढं बसली असेल. मी काय मागते आहे ते देवाला कळतं आणि मलाही कळतं. मागवत नाही, आणि न मागता राहवतही नाही.

तू माग, मालविका. तुझ्या पोटात त्याचं लेकरू आहे, तुला कोणी पापी म्हणणार नाही. माझ्या वाटचंही तूच माग.

यज्ञेशची आई