शंका असल्यास चिठ्ठी पाठवावी

३ मार्च

रुजू झाले एकदाची! एकवीस वर्षांतलं हे माझं पाचवं हॉस्पिटल, पण औषध खात्याला खिडकी असलेलं पहिलंच. लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, म्हणजे आता वारा खात भांडशील. भांडायचं कोणाशी? डॉक्टरांशी, दुसरं कोण! जन्म त्यातच गेला. अक्षर लागत नाही म्हणून विचारावं तर साहेब राउंडवर. डोस जास्त वाटतो म्हणावं तर, डॉक्टर तुम्ही की मी? अगदी हात टेकले.

इथली पद्धत मात्र झकास. फोन करायचाच नाही. शंका आली की चिठ्ठी लिहायची, पत्र्याच्या डब्यात घालायची आणि भिंतीतल्या छोट्या लिफ्टने वर वॉर्डात पाठवायची. औषधंही तशीच जातात. मधला मजला कित्येक वर्षं बंद आहे, तिथे लिफ्ट जरा थांबते आणि मग पुढे जाते. जुनी झालीय, असं मेट्रन म्हणाल्या.

८ मार्च

अकरा चिठ्ठ्या, अकरा उत्तरं, तीही दहा मिनिटांच्या आत. खाली मोठ्या डॉक्टरांची सही, आणि अक्षर चक्क वाचता येतं! दादा म्हणाला, खरा डॉक्टर आहे का ते बघ आधी.

१५ मार्च

उत्तर दर वेळी एकच. ‘बरोबर आहे. द्यावे.’ माणूस एकदा तरी चुकेल की नाही? सहा नंबरच्या आजोबांना झोपेचं औषध दुप्पट लिहिलं होतं. चिठ्ठी पाठवली. बरोबर आहे, द्यावे. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. पण सकाळपासून उभी होते, पाय भरून आले होते, आणि खाली सही होती. दिलं.

१८ मार्च

सहा नंबरचे आजोबा गेले. झोपेतून उठलेच नाहीत, असं सिस्टर म्हणाली. जेवण गेलं नाही.

२१ मार्च

आज बैठक होती. विषय, डॉक्टर आणि औषध खातं यांच्यातला संवाद सुधारणे. मोठे डॉक्टर म्हणाले, सुधारायचं काय त्यात, या बाई आमच्या प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर देतात.

कुठले प्रश्न? मला वरून आजवर एकही प्रश्न आलेला नाही.

त्यांनी फाइलमधून चिठ्ठ्या काढल्या. माझं अक्षर. माझी सही, खालच्या वळणासकट. ‘शंका नाही. द्यावे.’ आजोबांचा डोस निम्मा करू का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. मी माझ्याकडच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक उलटून पाहिली. त्यातली एकही त्यांची नव्हती.

आम्ही दोघंही विचारत होतो. दोघंही!

मधल्या मजल्यावर गेलो. कुलूप गंजून दाराला चिकटलंय. यापुढे चिठ्ठ्या बंद, जे काही असेल ते समोरासमोर बोलायचं, असं ठरलं.

२४ मार्च

दादाला छातीत दुखायला लागलं. वहिनीने त्याला इथेच आणलं. रक्त पातळ करायची गोळी सुरू केलीय, आणि केसपेपरवर त्याची नेहमीची सांधेदुखीची गोळीही तशीच राहिलीय. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर आतून रक्त वाहील. जिने चढून गेले, मोठ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी ‘अरे बापरे’ म्हणत माझ्यासमोर सांधेदुखीची गोळी खोडली. जीव भांड्यात पडला.

तरीही दादाला बजावलंय, गोळी फक्त माझ्या हातून घ्यायची, दुसऱ्या कोणाच्याही नाही. लहान मुलासारखी मान डोलावली त्याने.

२५ मार्च, सकाळ

डॉक्टरांनी बोलावलेल्या मिस्त्रीने लिफ्टची विजेची वायर तोडली. वीज गेल्यावरही डबा खाली आला. आत चिठ्ठी. ‘सांधेदुखीची गोळी चालू ठेवावी.’

फाडली. वर धावले. जिन्यात डॉक्टर भेटले, त्यांच्याही हातात चिठ्ठी. माझं अक्षर. ‘दोन्ही गोळ्या द्याव्यात.’

दुपार

वॉर्डातच बसलेय, खिडकीपाशी. शेजारी डॉक्टर. दादा समोरच्या कोपऱ्यातल्या कॉटवर. सगळं लिहून ठेवतेय. हे माझंच अक्षर आहे, मी लिहिताना डॉक्टर बघतायत.

सिस्टर सांगून गेली, आत्ता बाहेर डॉक्टरांनी तोंडीच सांगितलं, दोन्ही गोळ्या चालू ठेवा. डॉक्टर तर सकाळपासून इथून हललेले नाहीत—

तीन वाजता

पाळी बदलून आलेल्या सिस्टरने दोन्ही गोळ्या पुढे केल्या. दादाने घेतल्या नाहीत. बहिणीच्या हातूनच घेईन म्हणाला. शहाणा माझा दादा.

डोळे मिटतायत. डॉक्टरही पेंगतायत. जरा—

कोणीतरी आलंय. दादाच्या कॉटपाशी. पाठमोरी. माझा ॲप्रन. माझी वेणी—

आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय. डॉक्टर उठत नाहीत—

दादा तिच्याकडे बघून हसला. आलीस का, म्हणाला. तोंड उघडलं—

दादा, मी इथे आहे, मी इकडे—