मागचा अर्धा भाग

प्रिय लेखिकाबाई,

हे पत्र मी वाफेच्या खोलीत बसून लिहितेय. ऑपरेशनचे कपडे, हत्यारं, बोळे, सगळं इथे यंत्रात घालून वाफेवर निर्जंतुक करतात. एकदा झाकण आवळलं की चाळीस मिनिटं ते उघडता येत नाही आणि काट्यावर नजर ठेवायची म्हणून माणसालाही हलता येत नाही. खोलीला खिडकी नाही. भिंतींना घाम फुटलेला असतो, कागदसुद्धा थोड्या वेळात मऊ पडतो, तेव्हा अक्षर फुटलं तर सांभाळून घे. थिएटरमधून माझी इकडे बदली का झाली, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा पाठ दुखते म्हणून सांगितलं. पाठ ठणठणीत आहे माझी.

नवी कादंबरी अडलीय म्हणालीस. अंथरुणात पडल्या पडल्या काही सुचत नाही, प्रकाशकाला दोन थापा मारून झाल्या आणि तिसरी सुचत नाही, असंही म्हणालीस. नायिका तिसऱ्या प्रकरणात दवाखान्याच्या तळघरात कोंडून पडलीय आणि तिला बाहेर कसं काढायचं ते तुला कळत नाहीये. राहू दे तिला तिथेच. मी तुला वेगळी गोष्ट देते. तुझ्या अकरा पुस्तकांतल्या चुका काढल्या मी, एकदा स्वतःचंही काही देऊ दे.

पण त्याआधी जरा वसतिगृहातलं आठवू दे. वाचनालयवाला एका वेळी एकच पुस्तक द्यायचा, तेही दोन दिवसांसाठी. आपण दोघी हावरट. मग तू ब्लेडने पुस्तकाचे सरळ दोन तुकडे करायचीस आणि परत देताना डिंकाने चिकटवायचीस. तू चार महिन्यांनी मोठी, म्हणून पुढचा भाग तुझा आणि मागचा माझा. त्यामुळे प्रत्येक कादंबरी मी शेवटाकडून वाचली. ज्या देखण्या डॉक्टरवर तू बावन्नाव्या पानावर जीव ओवाळून टाकत असायचीस, त्यानेच इंजेक्शनची बाटली बदलली हे मला पलीकडच्या कॉटवर केव्हाच कळलेलं असायचं. आणि नियम तुझाच, की मागच्या भागवालीने अवाक्षर काढायचं नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. तू मधूनच मान वर करून माझ्याकडे टक लावून बघायचीस. मी छताकडे बघून पंख्याची पाती मोजायचे. तीनच तर होती, पण मोजत राहायचे. त्यावरूनच तू माझं नाव मोजणीबाई ठेवलंस. जिने चढताना पायऱ्या मोजते, चहात साखर घालताना दाणे मोजत असेन, अशी माझी टर उडवायचीस. ते डिंकाने चिकटवलेलं एक पुस्तक अजून माझ्या ट्रंकेत आहे. परत करायचं राहिलं ते राहिलंच.

पहिलं ड्रेसिंग बघून तू दाणकन पडलीस आणि दुसऱ्या वर्षी ट्रेनिंग सोडून घरी गेलीस. तीच तू पुढे पानंच्या पानं ऑपरेशनं लिहू लागलीस, याचं मला अजून हसू येतं. सातव्या पुस्तकावरून आपण केवढं भांडलो होतो! टेबलावर भूल दिलेल्या नायिकेला खुन्याची कुजबुज ऐकू येते असं तू लिहिलं होतंस. मी म्हटलं, खोड ते. तू म्हणालीस, वाचकाला चालतं गं. चालत असेल. पण भूल चढली की कुजबुजच काय, कानाशी मोठ्याने बोललेलंही कळत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. कळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

आणि हिरो तर तूच शोधलास. आठव्या पुस्तकासाठी सर्जनचे हात कसे चालतात ते बघायला थिएटरच्या काचेबाहेर उभी राहिलीस आणि बाहेर आल्या आल्या मला चिमटा काढलास, की हा माणूस गाठ मारताना दर वेळी तुझ्याकडे बघतो. तुझ्या पुस्तकांतले सर्जन सहा फूट उंच आणि अबोल. आमच्या हिरोला धुळीची सर्दी, मास्कच्या आत शिंकतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. तरी पडले मी प्रेमात. लग्नाला एकोणीस दिवस उरलेत. काल आई पुन्हा पाहुण्यांची यादी घेऊन बसली होती. पहिलं नाव तुझं आहे.

आता गोष्ट. एक सिस्टर आहे आणि एक सर्जन. दोघांचं लग्न ठरलंय. हसू नकोस, लेखक माणसं घरातूनच उचलतात असं तूच सांगत असतेस. पेशंट म्हणून शाळेतल्या एक बाई घे. पोटात गाठ, साधीच, काढली की मोकळं. बाई सिस्टरच्या ओळखीच्या. टेबलावर निजवल्यावर त्या घाबरतात आणि सिस्टरचा हात धरतात. सिस्टर खरं तर तोवर हात धुऊन, हातमोजे चढवून, मोजणीला उभी असायला हवी. पोटात रक्त टिपायला जे जाड कापडी चौकोन ठेवतात, त्यांना मॉप म्हणतात, आणि ते पाच-पाचाच्या गठ्ठ्यात येतात. सुरुवातीला दोन सिस्टरांनी ते मोठ्याने मोजायचे, फळ्यावर लिहायचे आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. आकडा जुळला तर सिस्टर म्हणते, काउंट बरोबर. तोवर सर्जनने टाका घालायचा नाही. त्या एका शब्दापुरती सिस्टर सर्जनपेक्षा मोठी असते. पण त्या दिवशी भूल चढेपर्यंत बाई हात सोडेनात आणि सिस्टरलाही तो सोडवेना. दुसरी सिस्टर रक्ताची बाटली आणायला गेलेली. मग हिने घाईघाईने हात धुतले, चार गठ्ठे मोजले आणि पाचवा न मोजताच फळ्यावर पंचवीस लिहिले. गठ्ठ्यात पाच असतातच, असं म्हणून.

शेवटी चोवीस भरले. तिने बादली उपसली, चादरी झटकल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं. चोवीसच. अशा वेळी टेबलावरच एक्स-रे काढायचा असतो. प्रत्येक मॉपमध्ये एक निळा दोरा विणलेला असतो, तो एक्स-रेत लख्ख दिसतो, त्यासाठीच तो असतो. सर्जनने पोटात हात फिरवला आणि म्हणाला, आत काही नाहीये. बाहेर पुढचा पेशंट वाट बघत होता, मशीन आणायला अर्धा तास लागला असता. त्याने विचारलं, पाचवा गठ्ठा मोजला होतास का? ती नाही म्हणाली. मग झालं तर, तो म्हणाला, गठ्ठ्यातच चार असतील, म्हण बरोबर. आणि ती म्हणाली. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला सगळ्यांदेखत खोटं कसं पाडायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला. मग तिने मोजणीच्या छापील तक्त्यावर पंचवीस आले, पंचवीस गेले, असं लिहून सही केली.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. मग डाव्या कुशीला दुखू लागलं. तीनदा औषधं बदलली. सिस्टरने एक्स-रेचं काढलं. आता तुझी पंचाईत होणार, कारण हा सर्जन खलनायक नाही. पहिले काही दिवस त्याच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. थोडी वाट बघू, तो म्हणायचा, ताप उतरेल, एकदा एक्स-रेचा कागद निघाला की आपल्या हातात काही राहत नाही. मग त्याने तिची बदली करवली, तिच्याच भल्यासाठी. सोनोग्राफी स्वतः केली आणि बाईंना सांगितलं, टाके आतून भरताहेत. परवा सिस्टरने पुन्हा विषय काढला तेव्हा तो चिडलासुद्धा नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाला, तक्त्यावर सही कुणाची आहे, आठवतंय ना? तक्ता त्याच्या कपाटात आहे.

यंत्रातली पहिली खेप झाली, दुसरी लावून आले. तर सांग, या सिस्टरला तू बाहेर कशी काढशील? तिची राहायची खोली दवाखान्याची. आई म्हातारी, तिच्या गुडघ्यांवर हाच उपचार करतोय, आई त्याला देवमाणूस म्हणते. पंचवीस वर्षं शिकून आणि राबून मिळवलेलं एकच काम तिला येतं, आणि ते एका सहीवर जाईल. ज्या दारातून बाहेर पडावं म्हणते त्या दारात तोच उभा, आणि तोही प्रेमाने, चहाचा कप घेऊन. तळघराला निदान कुलूप तरी असतं गं, दिसतं तरी.

इथे दिवसभर मी मॉपचे गठ्ठे बांधते. पाच, पाच, पाच. बांधलेला गठ्ठा सोडते आणि पुन्हा मोजते. ऑपरेशनच्या दिवशीच्या खेपेतले जे गठ्ठे उरले होते तेही शोधून काढून सोडले. कुठेतरी एक तरी चाराचा निघावा म्हणून मी काय काय कबूल केलं असेल, ते मलाच ठाऊक. पाच आठवडे झाले, एकही निघाला नाही.

मी कधी ती म्हणायला लागले आणि कधी मी, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तू अकरा रहस्यकथा लिहिल्या आहेस, शाळेतल्या बाईंवर तू तरी कशी फसशील! त्या टेबलावर तू होतीस. माझा हात घट्ट धरून म्हणालीस, मोजणीबाई, माझ्याबरोबर दहापर्यंत मोज. सातला तुझी बोटं सुटली. पुढचे तीन मी एकटीने मोजले आणि गठ्ठा मात्र मोजला नाही. रविवारी तू उशीला टेकून बसलीस तेव्हा मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापर्यंत गेलं. हिरो इंजेक्शन भरत होता आणि तू त्याला म्हणालीस, असा डॉक्टर मिळायला नशीब लागतं. मग माझ्याकडे टक लावून बघितलंस, अगदी वसतिगृहातल्यासारखी. मी छताकडे बघितलं. तुझ्या खोलीतल्या पंख्यालाही तीनच पाती आहेत.

हे मी तोंडाने सांगायला हवं होतं. तीनदा फोन लावला आणि ठेवला. समोर बसून सांगायला गेले असते तर मी रडले असते आणि तू ताप अंगात असताना माझीच समजूत घालत बसली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे. मला समजूत नकोय. तुझ्या पोटात डाव्या बाजूला एक मॉप आहे, त्याभोवती पू धरलाय, आणि तो फुटला तर औषध पुरणार नाही. म्हणून हे पत्र आहे. सोबत दुसरा कागद आहे, त्यावर तारीख, चोवीसचा आकडा, मी काय केलं आणि तो काय म्हणाला ते सगळं माझ्या खऱ्या नावाने लिहून सही केलीय. तो कागद नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखव आणि पोटाचा एक साधा एक्स-रे माग. हिरो संध्याकाळी सहाला इंजेक्शन घेऊन येईल, त्याच्या आत तू तिथे पोचलेली हवीस. आज ड्यूटी संपली की मी तडक निघेन, हे पाकीट तुझ्या वहिनींच्या हातात देईन आणि परत खाली येईन. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुमच्या दारासमोर टॅक्सी थांबवून बसलेली असेन. माझं तोंड बघायचं नसेल तर वहिनींना पुढे पाठव, मी त्यांना टॅक्सी देऊन चालत जाईन, त्याचं मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण ते मी बघेन. कपडे बदलू नकोस, काही बरोबर घेऊ नकोस. तुमच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. वहिनींचा हात धर आणि एकेक करून उतर, मी खाली मोजत असेन.

तुझीच,
मोजणीबाई