गादीवाल्याचा रोजचा मेल

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवा आहे. दुकानातल्या नव्या गादीवर पालथा पडून लिहितो आहे. गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कुणी उठवत नाही.)

तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईकडे करमतं ना? जावईबापू अजून तसेच घोरतात का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

काका, दुकान माझ्या हवाली करून तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, तेव्हा एकच बजावलं होतंत, की बाबा, गिऱ्हाईक तेवढं टिकव. टिकवायचं म्हणून मी सगळ्या गिऱ्हाइकांना महिन्याला एक मेल पाठवायचं ठरवलं. पहिल्याच मेलवर दंतवैद्य येऊन दोन उशा घेऊन गेले आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. महिन्याच्या एका मेलवर दोन उशा, तर रोजच्या मेलवर किती, असं त्रैराशिक मी मांडलं. (माझं गणित तुम्हाला ठाऊक आहे, प्रगतिपुस्तकावर सही तुम्हीच करायचात.) एकदा गादी घेतली की माणूस दहा वर्षं फिरकत नाही, त्याला रोज काय सांगणार, असं तुमच्या सूनबाईंनी विचारून पाहिलं. मी कानाडोळा केला. रोज पहाटे सहाला 'काल झोप कशी लागली?' असा मेल सुटू लागला.

लोक खरंच उत्तरं देतील, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? शिवणकामवाल्या बाईंनी नवऱ्याच्या झोपेतल्या लाथांचं सविस्तर वर्णन पाठवलं. बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी आपली स्वप्नं कळवली (त्यातलं एक आता मला पडतं). उत्तरं देता देता माझ्या नाकी नऊ आले. त्यातच निवृत्त हेडमास्तर काठी आपटत दुकानात आले. म्हणाले, "तुझ्या काकांच्या गादीवर झोप झकास लागते रे, पण पहाटे तुझ्या मेलनं फोन किणकिणतो आणि ती मोडते!" झोप विकणाऱ्या दुकानाने झोपमोड करावी यावर त्यांनी माझी उभ्या उभ्या शिकवणी घेतली. त्यानंतर लोक एकेक करून यादीतून नाव काढू लागले आणि दुकानाकडेही फिरकेनासे झाले. दंतवैद्य तर मला पाहून रस्ता ओलांडतात. आजवर लोक त्यांना पाहून ओलांडायचे. खरं सांगतो, तुमचं एवढ्या वर्षांचं दुकान माझ्या हातून बुडतंय की काय, या धास्तीने मला अन्न गोड लागेना.

शेवटी सूनबाईंनी कारभार हातात घेतला. माफीचा एकच मेल लिहिला आणि विचारलं, आमचा मेल तुम्हाला किती वेळा चालेल? कुणी म्हणालं महिन्यातून एकदा, कुणी म्हणालं सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच, हेडमास्तर म्हणाले पुढच्या जन्मी. पण काका, जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारलं होतं, की काका कसे आहेत, दुकानात कधी दिसणार? वाचून मला भरून आलं. तुम्ही माणसाला आधी गादीवर लोळायला लावायचात, वर चहा पाजायचात आणि जुनी गादी चांगली असेल तर नवी घेऊ नका म्हणून परत पाठवायचात. एकही मेल न पाठवता ही माणसं तुम्ही जोडलीत. आता मी शहाणा झालो आहे. यापुढे अगदी सांगण्यासारखं असेल तरच लिहीन, आणि तेही घरात विचारून.

ताईला नमस्कार, भाच्यांना पापा.

तुमचा लाडका (असा माझा समज आहे) पुतण्या

ता. क. एक दिवस दुकानात येऊन बसाल का? नुसतं बसायचं. गुडघ्यांची काळजी नको, बसायला सगळीकडे मऊच आहे.

ता. क. २. येत्या रविवारी या. 'काका येत आहेत' असा मेल काल गेलासुद्धा. सांगण्यासारखं होतं म्हणून पाठवला. विचारायचं राहिलं, तुम्हालाही आणि सूनबाईंनाही.

ता. क. ३. आता नाही म्हणू नका. येतो म्हणून कळवणाऱ्यांची रीघ लागली आहे, आणि त्यातल्या एकालाही गादी नको आहे.