फटफटीच्या मागच्या सीटचा योग

६ जानेवारी १९६२, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प, पाच दिवस उशिराने. यंदा ज्योतिषात नाव काढायचंच. अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवून कोणाचं भलं झालं? पुढच्या महिन्यात मकर राशीत आठ ग्रह एकत्र येताहेत. सगळा देश धास्तावलाय. ठिकठिकाणी होमहवन, नामसप्ताह. शेजारच्या केशवरावांनी रॉकेलचे दोन डबे भरून ठेवले. जग बुडाल्यावर रॉकेल कशाला लागतं, हे विचारलं तर राग आला त्यांना.
पण जगबुडी सांगणारे ज्योतिषी सध्या पैशाला पासरी. आपण नेमकं सांगायचं. एक माणूस, एक तारीख.
माणूस अजून मिळायचा आहे.

७ जानेवारी, रविवार
मिळाला!
बापूसाहेब वकिलांनी आग्रहाने मैदानावर नेलं. 'मौत का कुआँ' आलाय. लाकडी फळ्यांची उभीच्या उभी विहीर, आपण वर कठड्यापाशी उभं राहून आत पाहायचं. खाली एक काटकुळा माणूस फटफटी सुरू करतो, गोल गोल फिरतो आणि बघता बघता भिंतीवर चढतो. अगदी आडवा! हात सोडून! कठड्यापर्यंत येतो, आपल्या नाकाखालून जातो. अख्खी विहीर हलते. मी कठडा दोन्ही हातांनी धरला. टोपी उडू नये म्हणून.
एका बाजूच्या पाच-सहा फळ्या नव्या, पिवळ्या आहेत. मालकाला कारण विचारलं. तो हिंदीत 'पिछले साल' एवढंच म्हणाला आणि तिकिटं फाडायला लागला.
खेळ संपल्यावर त्या माणसाला तंबूत गाठलं. नाव देवमन, अकोटकडचा. जन्म विचारला. तान्ह्या पोळ्याचा दिवस, बैलं सोडायची वेळ, मोठा पूर आला ते साल, असं म्हणाला. पूर तिकडे दर दोन वर्षांनी येतो, पण शास्त्रात थोडं तारतम्य लागतं. साल आपणच ठरवलं.

८ जानेवारी
पत्रिका तयार. अंगावर काटा आला. ४ फेब्रुवारी, रविवार, सायंकाळ. वाहनापासून मृत्युयोग. तिळमात्र शंका नाही.
फार वाईट वाटलं. आनंदही झाला, पण तो गणित बरोबर आल्याचा. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी बापूसाहेबांच्या ओसरीवर सांगितलं. दहा-बारा मंडळी होती. त्या बिचाऱ्याच्याच हितासाठी.

११ जानेवारी
गोष्ट गावभर. खेळाच्या मालकाने तर कमाल केली. टांग्यावर भोंगा लावून ओरडतोय की जिसकी मौत लिखी है, उसे देखो. दोन दिवस तिकिटं मिळत नाहीत म्हणे. हेडमास्तरांनी आज स्वतः उठून खुर्ची दिली. शिपायाने सलाम केला.
सरोजिनीला सांगितलं, बघ, नवऱ्याची किंमत गावाला कळली. ती म्हणाली, त्या माणसाला बायको आहे का? बायकांना शास्त्रातलं काही कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
घरात हळदीकुंकू, म्हणून मागच्या खोलीत बसून होतो. सरोजिनीने काय करावं? देवमनच्या बायकोला बोलावलं! तानुबाई नाव. खेळाची तिकिटं विकते. बाकीच्या बायका सरकून बसल्या. ती दाराशीच उभी. सरोजिनीने तिला आत ओढली, कुंकू लावलं, वाण दिलं, तिळगूळ दिला.
मग तानुबाई बोलली ते मला आतपर्यंत ऐकू आलं. 'बाई, पुढच्या साली मले कुकू लावाले कोनी बोलावतीन काय?'
आपण मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. वारा होता.
रात्री सरोजिनी जेवली नाही. भाकीत परत घेता येतं का, म्हणाली. म्हटलं, भाकीत म्हणजे काय उसनी वाटी आहे?

१६ जानेवारी
आजचा प्रसंग शांतपणे लिहून ठेवतो.
देवमन बापूसाहेबांच्या ओसरीवर आला. पायरीशीच उभा राहिला. आवाज अगदी साधा. 'मास्तर, तुमी सांगतलं तं सांगतलं. आता इलाजबी सांगा.' म्हटलं, शनीची शांत कर. म्हणाला, केली. मारुतीला तेल घाल. म्हणाला, घालून राहिलो. त्या दिवशी फटफटीवर बसूच नको. म्हणाला, मालकानं त्या दिवसाच्या खेळाचा भोंगा फिरवला, नाही बसलो तर धंद्यातून जाईन, मंग खाऊ काय?
मंडळी माझ्याकडे बघताहेत. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, बाबा, ज्याचं आयुष्य त्याच्या पत्रिकेत. आता माझंच बघ. मला चौऱ्याऐंशी वर्षं आयुष्य आहे. विहिरीत ढकललं तरी मरायचा नाही.
देवमन म्हणाला, 'मंग तुमीच माह्या मांगं बसा ना. तुमी मरत नाही, तं फटफटी पडतच नाही. अन् फटफटी नाही पडली तं मी कावून मरतो?'
ओसरीवर टाळ्या! बापूसाहेब म्हणाले, याला म्हणतात आर्ग्युमेंट, कोर्टात हे टिकेल.
'अवश्य,' आपण म्हणालो. चारचौघांत शब्द दिला. देवमनने खाली वाकून पाय धरले. त्याचे हात गार होते.
अजून बरेच दिवस आहेत. तोवर काहीही होऊ शकतं. जगबुडीसुद्धा.

१९ जानेवारी
प्रॅक्टिस सुरू. शिपायाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मैदानाला फेरी. वळणावर पडलो. ढोपर फुटलं. सायकलला इंजिन नसल्याने तिच्यावर ग्रहांचा अंमल वेगळा असतो, हे विसरायला नको होतं. प्रॅक्टिस बंद.
सरोजिनीने हळद लावली. फार दुखतं का, म्हणाली. फार नाही म्हटलं. फार दुखत होतं.

२१ जानेवारी, रविवार
आपली जन्मवेळ पक्की करायला चांदूर रेल्वे गावी आईकडे गेलो. शास्त्रशुद्धता म्हणून. भीती वगैरे काही नाही.
आई म्हणाली, घरात घड्याळ कुठं होतं? मेल धडधडत गेली आणि तू रडलास, त्यावरून वडिलांनी वेळ धरली. म्हटलं, मेल त्या दिवशी वेळेवर होती का? आई हसायलाच लागली. म्हणाली, बाप्पा, मेल कधी वेळेवर असते काय रे?
परतीच्या गाडीत गणित मांडलं. मेल वेळेवर धरली तर आयुष्य चौऱ्याऐंशी. तासभर लेट धरली तर एकसष्ट. दोन तास लेट धरली तर अडतीस.
आपलं वय अडतीस.
अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरायचं विसरलो. पुढच्या स्टेशनावरून परत आलो.

२४ जानेवारी
संकल्प: (१) यापुढे कोणाचंही भविष्य सांगायचं नाही. (२) सांगितलंच तर चांगलं सांगायचं. (३) ओसरीवर बसायचं नाही.
वर्गात रेल्वेचा नकाशा शिकवताना चांदूर रेल्वे गाळलं. ते परीक्षेत येत नाही.

२७ जानेवारी
सुटलो! खेळ अकोल्याला गेला. काल रात्रीच विहीर उकलून ट्रकवर चढवली म्हणे. मैदानावर आता नुसता गोल उरलाय, त्यात गवत मेलेलं. त्या गोलाच्या कडेने चालत घरी आलो. आत पाय टाकावासा वाटला नाही.
शब्द अमरावतीत दिला होता. अकोल्याला लागू नाही. हे बापूसाहेबांना कायद्याच्या भाषेत समजावणार.

२८ जानेवारी
बापूसाहेब म्हणाले की शब्दाला ज्युरिस्डिक्शन नसतं. ओसरीवरच्या सगळ्यांची अकोल्याची तिकिटं काढलीत. मी पुढच्या डब्यात, सन्मानाने. सरोजिनीही येते म्हणाली, तिची मावशी आहे तिथे. एरवी माहेरच्या लग्नालाही हिला सांगून सांगून न्यावं लागतं.

३ फेब्रुवारी, शनिवार. अकोला.
गाडी रिकामी होती. अष्टग्रहीत कोणी प्रवास करत नाही. मूर्तिजापूरला चहावाल्यानेही विचारलं, आजच कावून निंगाले? प्रत्येक देवळात भजन चाललंय, पण टाळ फार हळू वाजताहेत. रस्त्यावर पोरंसोरं नाहीत. सूर्य मावळताना तांबडा दिसला. रोजच दिसतो, पण आज जास्त.
मंडळींना टाळून एकटाच विहिरीपाशी गेलो. खेळ सुरू नव्हता. आत उतरायला लहानसं दार आहे. खालून वर पाहिलं की नुसतं गोल आभाळ. नव्या फळ्यांवर हात ठेवला. एक फळी हलली. दुसरीही हलली. मग कोणतीच हलेना, आपलाच हात हलत होता.
देवमन मागे येऊन उभा होता. वाळलाय. तानुबाई म्हणाली, चार दिवस भाकर गोड लागत नाही त्याला. त्याने सांगितलं, 'मास्तर, आधी मी फळ्या पाहत नव्हतो. नुसता चढत होतो. तुमी सांगतलं तवापासून एक एक फळी पाह्यतो. अन् पाह्यली की हँडल कापते.' मग म्हणाला की उद्या तुम्ही मागं असलात म्हणजे फळ्या बघणार नाही.
याचा अर्थ शास्त्राचा परिणाम आधीपासूनच सुरू होतो. नोंद घेण्यासारखी गोष्ट. पण लिहिताना बरं वाटत नाहीये.
उद्या बसणार. ठरलं. मर्दासारखं.

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी तीन.
आंघोळ दोनदा केली. रामरक्षा म्हटली. मावशींनी औक्षण केलं. बापूसाहेबांनी हार आणलाय. फोटोला घालतात तसला. हार मोठा आहे, डोक्यावरून सहज उतरतो. सरोजिनी नुसती बघतेय. तिला म्हटलं, काळजी करू नको. ती म्हणाली, तुमची नाही करत. त्या दोघांची करते.
पाचला निघायचं. देवाला चढवायचा नारळ घरीच विसरला, तेवढा आणून ठेवतो.

४ फेब्रुवारी. सायंकाळी साडेसहा. अकोट, एस.टी. स्टँड.
नारळाच्या दुकानाशेजारी अकोटची बस उभी होती. इंजिन चालू. कंडक्टर म्हणाला, चला, लवकर. माणूस घाईत असला की बसतोच.
शिवाय असं आहे: देवमनच्या मृत्युयोगात माझ्या अडतीस वर्षांचा योग मिसळला असता तर दोघंही गेलो असतो. मी दूर राहिलो म्हणून निदान एकाचा तरी धोका टळला. एकाचा म्हणजे माझा, पण हिशेब तोच.
ही वेळ त्याचीच. आता तो चढत असेल. फळ्या बघत असेल.
स्टँडवर एका बाकावर मी आणि एक म्हातारा. त्याने विचारलं, बाप्पा, रडून कावून राहिले? म्हटलं, धूळ गेली. म्हातारा इकडंतिकडं बघून म्हणाला, कुठीसा धूळ?
परतीची बस सकाळी आहे.

५ फेब्रुवारी, सोमवार. अकोला.
जग आहे. बसही वेळेवर होती.
मावशींच्या दारात शिरायचं धाडस होईना. आत हसण्याचा आवाज आला तेव्हा कुठे शिरलो. देवमन ओसरीत बसून चहा पीत होता! जिवंत. दोन्ही हात, दोन्ही पाय. तानुबाई सरोजिनीच्या पाया पडत होती. मला बघून बापूसाहेबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.
हकीकत शेवटी मावशींनी सांगितली. काल मी येत नाही म्हटल्यावर देवमन फटफटीपाशी नुसता उभा राहिला. लोक कठड्यावरून ओरडताहेत, मालक शिव्या देतोय. शेवटी देवमनने एकट्यानेच किक मारली, पण हँडल इतकं कापत होतं की पहिल्याच फेरीत खाली घसरला. तानुबाईने किंकाळी फोडली. तेव्हा सरोजिनी कठड्यावरून निघाली, खालच्या दाराने आत गेली, पदर कमरेला खोचला आणि मागे बसली. म्हणाली, शब्द आमच्या घरचा आहे, चला. समोर बघा, फळ्यांकडे बघू नका.
सहा फेऱ्या. कठड्यापर्यंत. वरून लोक नारळ फोडत होते म्हणे.
ऐकताना मी उंबरठ्यावरच बसलो. खरंच घाबरलो होतो. ती पडली असती तर? हे मी खोटं लिहीत नाही.
नंतर तिची पत्रिका आठवून पाहिली. तिचा मंगळ बलवान, म्हणून बचावली. म्हणजे आपलं शास्त्र चुकलं नाही, उलट सिद्धच झालं. हे तिला सांगायला गेलो. ती केस विंचरत होती. केसात धूळ होती, ऑइलचा वास येत होता. विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली की. डोळे मिटले नाहीत इतकंच.
आता बायका तिच्याकडे कुंकू लावून घ्यायला येताहेत. रांग आहे. चहा मला स्वतःला गाळून घ्यावा लागला.
रात्री तिने ताट वाढलं. कालपासून पहिल्यांदा आपणहून बोलली. विचारलं, तुमचं आयुष्य किती म्हणाला होतात हो?
म्हटलं, मेल वेळेवर असली तर चौऱ्याऐंशी.
ती म्हणाली, 'एवढं?' आणि आमटी वाढायला आत गेली.